पवळ्याचं पहिलं पान

एका गावात एक बैल होता. तसे गावात बैल पुष्कळ होते, पण आपली गोष्ट ह्या एकाची. त्याचं नाव पवळ्या. अंगाने तांबूस, स्वभावाने गरीब, आणि खाण्याच्या बाबतीत समोर येईल ते संपवणारा.

पवळ्याचा मालक धाकोजी. डोंगराच्या पायथ्याला त्याची भाताची खाचरं होती आणि वर उतारावर थोडी माळजमीन. बैल मात्र एकच. आता एका बैलाने नांगर कसा ओढायचा? त्या गावात त्यावर सोपी तोड होती. ज्याच्याकडे एकच बैल, त्याने तशाच दुसऱ्या शेतकऱ्याबरोबर सावड करायची. दोघांचे बैल मिळून जोडी करायची आणि आधी एकाचं शेत नांगरायचं, मग दुसऱ्याचं. धाकोजीची सावड शेजारच्या भिकाजीशी होती. भिकाजीचा चांद्या आणि धाकोजीचा पवळ्या, अशी ती जोडी. इतकी वर्षं दोघे एका जुवाखाली चालले होते की एकाने मान हलवली की दुसराही हलवायचा.

एका वर्षी पावसाच्या तोंडावर गुरांमध्ये खुरकताची साथ आली. बैलांच्या तोंडातून लाळ गळू लागली, खुरांत जखमा झाल्या. पवळ्याला पाय टेकवेना. चांद्याचीही तीच गत. नुसत्या त्या गावात नाही, आजूबाजूच्या सगळ्या मुलखात हेच चाललं होतं. बैल बसले म्हणजे नांगर बसले. यंदा पीक कमी येणार हे बाजाराला शेतकऱ्याच्या आधी कळतं. तांदूळ महागला, डाळ महागली, तेलाकडे तर बघायची सोय राहिली नाही. दर बाजाराला भाव वर, आणि पोती कमी.

धाकोजीच्या घरात माणसं चार. तो, त्याची बायको द्वारका आणि दोन लहान मुलं. कणगीत थोडी जुनी नाचणी होती. पाहुण्यांसाठी म्हणून राखलेला पांढरा तांदूळ होता एका मडक्यात. बाकी सगळी आशा खाचरांवर, आणि खाचरांची आशा पवळ्यावर.

एका सकाळी भिकाजी नांगर खांद्यावर टाकूनच आला. पाऊस चांगला झाला होता, चिखल तयार होता. तो म्हणाला की बैल दुखणाईत आहेत हे त्यालाही दिसतंय, पण लावणीची वेळ बैलाची तब्येत विचारून येत नाही. हळूहळू चालवू, थोडं थोडं नांगरू. चांद्याला तो घेऊन आलाच होता. बिचारा चांद्या दारात तीन पायांवर उभा होता, चौथा उचलून धरलेला.

धाकोजी काही फार मोठा साधुपुरुष नव्हता बरं का. पोराबाळांचा बाप होता. त्याच्या डोळ्यांपुढे रिकामी कणगी दिसत होती. त्याने मुकाट्याने भिंतीला टेकवलेलं जू उचललं आणि गोठ्यात गेला.

पवळ्या बसला होता. मालकाच्या हातातलं जू त्याने पाहिलं. मग तो उठायला लागला. पुढचे पाय टेकले, कळ आली तसा थांबला, पुन्हा जोर केला आणि कसाबसा उभा राहिला. आणि कुणी न सांगता त्याने मान खाली घातली, जू ठेवायला सोपं जावं म्हणून.

धाकोजीचे हात जागच्या जागी थांबले. माणूस आजारी पडला तर अंथरुणातून दहा वेळा सांगतो की मला बरं नाही. हा मुका जीव काही म्हणत नव्हता, मान देऊन उभा होता. धाकोजीला रडू आलं. त्याने जू खाली ठेवलं.

भिकाजी दारातून ओरडला, "अरे, झालं काय? आज बैल बसवलास तर उद्या खाशील काय?"

 उत्तर दिलं द्वारकेने. ती गोठ्याच्या दाराशी येऊन उभी होती. शांतपणे म्हणाली, "भावोजी, ऋषिपंचमीला आपण बैलाच्या कष्टाचं खात नाही. वर्षातला तो एक दिवस जातोच ना? यंदा आम्ही पावसाळाभर ऋषिपंचमी करू."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भाद्रपदात गणपती आले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बायका नांगरलेल्या जमिनीतलं काही खात नाहीत. अळू, अंबाडी, माठ, भोपळा, पडवळ, सुरण असं परसात, कुंपणाला, माणसाच्या हाताने पिकलेलं सगळं एका भांड्यात शिजवतात. त्याला ऋषीची भाजी म्हणतात. वर्षभर राबणाऱ्या बैलाला त्या दिवशी माणसाचं पोट भरायच्या कामातून सुट्टी. किती चांगली रीत आहे पाहा. पण गावाची एक गंमत होती. ती भाजी सगळे मिटक्या मारत खायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायचे. ती त्या एका दिवसाची, असं जणू त्यांच्या डोक्यात कोरलेलं होतं. एरवी कुणाच्या पानात नुसता पालाच दिसला तर लोक समजायचे की ह्यांच्या घरी वाईट दिवस आले.

भिकाजी संतापला. एकट्या चांद्याला जुंपता येईना, आणि साथीच्या दिवसांत दुसरा कोण आपला बैल देणार? तो पाय आपटत निघून गेला आणि त्याने धाकोजीशी बोलणं टाकलं.

आता द्वारका बोलून तर गेली, पण बोलणं सोपं आणि चूल पेटती ठेवणं कठीण. तिने पहिलं काम काय केलं? पाहुण्यांचा तांदूळ काढला, बाजारात नेला आणि त्याच्या बदल्यात नाचणी आणि कुळीथ आणले. भाव त्यांचेही वाढले होते, पण सगळी झुंबड पांढऱ्या तांदळावर होती, त्यामुळे एका मापाला दोन मापं मिळाली. धाकोजीने कुदळ घेतली. उतारावरची जमीन त्याने हाताने खणली, नाचणी लावली, मधे मधे चवळी टाकली. परसात भोपळा, पडवळ, घेवडा चढवला. पाठ मोडून जायची. संध्याकाळी कंबर धरून घरी आला की आधी पवळ्याकडे जायचा. कोमट पाण्याने त्याची खुरं धुवायचा, हळद-तेल लावायचा. तेव्हा त्याला खरं कळायचं की इतकी वर्षं हा बैल आपल्यासाठी काय करत होता. एका हाताच्या पंजाएवढी जमीन उकरायला किती दम लागतो, हे कुदळ धरल्याशिवाय कळत नाही.

आणि खाणं? सकाळी नाचणीची आंबील. दुपारी भाकरी आणि कधी टाकळ्याची भाजी, कधी शेवग्याचा पाला, कधी अळूचं फदफदं. रात्री कुळथाचं पिठलं. ओढ्याला पाणी आलं की मुलं खेकडे धरून आणायची, त्या दिवशी तर चंगळच. पहिले दिवस मुलांनी कुरकुर केली. मोठ्याने विचारलं, भात कुठाय? द्वारका म्हणाली, पवळ्याच्या पायात आहे, बरा झाला की निघेल. मुलांना ते पटलं. ती रोज जाऊन पवळ्याचा पाय बघू लागली.

गावात टिंगल व्हायचीच, ती झाली. धाकोजीच्या घराला लोक ऋषींचा आश्रम म्हणू लागले. तो रस्त्याने दिसला की कुणीतरी हात जोडून विचारायचं, ऋषिवर्य, आज कोणता पाला? धाकोजी हसायचा. रागवायला त्याच्यात त्राण होतं, पण ते कुदळीसाठी राखलेलं होतं.

तिकडे भिकाजीच्या घरी वेगळीच तऱ्हा. त्याचं म्हणणं, पांढऱ्या भाताशिवाय पानाला शोभा नाही आणि पाला गुरांनी खावा. त्याने बायकोचा, गोदावरीचा, तांब्याचा हंडा विकून तांदूळ आणला. तो संपला तशी परात गेली. तांदूळ इतका महाग की त्याच्याबरोबर दुसरं काही घ्यायला उरायचंच नाही. मग भात आणि मीठ, भात आणि मिरची, भात आणि चिंचेचं पाणी. पोट भरायचं आणि अंगात काही राहायचं नाही. त्याची लहान मुलगी शेवंती दिवसभर अंगण डोक्यावर घेणारी. ती आता ओट्यावर बसून राहू लागली. तिच्या तोंडाचे कोपरे फाटले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. खुद्द भिकाजीला चढण चढताना धाप लागायची. परसात त्याने काहीच लावलं नव्हतं. रागाच्या भरात बी तसंच फडक्यात बांधून राहिलं होतं.

अशात भाद्रपद आला. गणपती आले आणि दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बाजारातही काय भाव असतात म्हणून सांगू! एरवी कुंपणाला फुकट वाढणारं अळू त्या दिवशी तोऱ्यात असतं. गोदावरीकडे ना परसात काही, ना घरात विकण्यासारखं. व्रत तर चुकवायचं नव्हतं. ती नवऱ्याला न सांगता मागच्या वाटेने द्वारकेच्या परसात आली आणि टोपली हातात धरून नुसतीच उभी राहिली.

द्वारकेला टोमणा मारता आला असता. चांगले दोन-चार होतेही तिच्याजवळ साठलेले. पण तिने गोदावरीच्या मागे उभ्या असलेल्या शेवंतीचं तोंड पाहिलं आणि ती भाजी काढू लागली. अळू, अंबाडी, माठ, भोपळा, पडवळ, कोवळा घेवडा, खणून काढलेला सुरण. टोपली भरली तरी तिचा हात थांबेना. वर नाचणीचं पीठ बांधून दिलं.

त्या दुपारी भिकाजीच्या घरी सगळे एकत्र जेवायला बसले. भाजी कुठून आली हे त्याने विचारलं नाही, कारण त्याला माहीत होतं. शेवंतीने पहिला घास घेतला. मग दुसरा. मग ती कुणाशी न बोलता जेवतच राहिली. पान पुसून झाल्यावर तिने आईला सांगितलं की ही भाजी उद्याही कर.

गोदावरी म्हणाली, उद्या नाही गं, ही आजच करायची असते.

"का?" शेवंतीने विचारलं.

गोदावरीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पानाकडे पाहिलं.  भिकाजीचा घास हातातच राहिला. आपण हंडा विकला, परात विकली, आणि लेकीच्या पोटाला जे हवं होतं ते कुंपणापलीकडे सगळा पावसाळा उगवत होतं, हे त्याला त्या एका शब्दात दिसलं. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. मुलीला वाटलं, मिरची लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो धाकोजीच्या दारात आला. धाकोजी गोठ्यात होता.  इतक्या दिवसांचा अबोला मोडून भिकाजी म्हणाला, "बैल मागायला आलो नाही. कुदळ मागायला आलोय."

धाकोजीने कुदळ दिली, आणि स्वतःसाठी दुसरी घेतली. दोघांनी मिळून आधी भिकाजीचं परस खणलं. बैल बसले होते, पण सावड पुन्हा सुरू झाली. भाज्या तयार होईपर्यंत द्वारकेच्या परसात दोन घरं जेवली. शेवंतीचं तोंड बरं झालं, आणि थोड्याच दिवसांत तिने अंगण पुन्हा डोक्यावर घेतलं. गोदावरी म्हणायची, हिचा गोंगाट ऐकला की मला देवाला हात जोडावेसे वाटतात.

पाऊस सरला. उतारावर नाचणीची कणसं मुठी वळून उभी राहिली. खाचरं रिकामी होती, पण त्यांत ओल होती, आणि पवळ्या-चांद्याचे पाय आता खणखणीत बरे झाले होते. ज्यांनी साथीतच बैल जुंपले होते त्यांचे बरेच बैल कायमचे लंगडे झाले होते. गावात धड चालणाऱ्या जोड्या राहिल्या होत्या मोजक्या, आणि त्यांतली एक ही. त्या जोडीने आधी दोघांच्या खाचरांत वाल आणि कुळीथ पेरले, मग गावातल्या इतरांच्या शेतात. धाकोजीने कुणाला नाही म्हटलं नाही. अट एकच घातली, की दुपारी बैल सावलीला बांधायचे. ऋषिवर्य म्हणून चिडवणारेही आले होते नांगर घेऊन. त्यांना द्वारकेने पोटभर आंबील पाजली आणि मगच शेतात सोडलं.

पुढच्या वर्षी साथ नव्हती, तांदूळही पुन्हा आवाक्यात आला होता. ऋषिपंचमीच्या दिवशी दोन्ही घरांनी एकत्र स्वयंपाक केला. केळीच्या पानावर भाजी वाढली आणि धाकोजी पहिलं पान घेऊन गोठ्यात गेला. पवळ्यापुढे ते ठेवून त्याने हात जोडले. म्हणाला, "तू राबलास तेव्हा आम्ही जेवलो. तू बसलास तेव्हाही तुझ्याच निमित्ताने शहाणपणाचं जेवलो."

पवळ्याने भाजी खाल्ली. मग केळीचं पानही खाल्लं. भिकाजी मागेच उभा होता, चांद्याचं पान हातात घेऊन.

तेव्हापासून त्या गावात दोन गोष्टी चालत आल्या आहेत. ऋषीच्या भाजीचं पहिलं पान बैलाचं. आणि ती भाजी दुसऱ्या दिवशीही होते, तिसऱ्या दिवशीही होते, आणि का म्हणून कुणी विचारत नाही.

तात्पर्य: महागाईत पानाची शोभा सांभाळत बसू नये, अंगाला लागेल ते साधं अन्न खावं, आणि ज्याच्या कष्टावर आपण जेवतो, त्याच्या दुखण्यात त्याला विसावा द्यावा.