राणीच्या मोटारीची उजवी बाजू

एका नगरात राणीच्या पागेत घोडे नव्हते, मोटारी होत्या. त्या रंगवायचा मान एका रंगाऱ्याकडे होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत, आणि कुणी विसरलंच तर तो स्वतः आठवण करून देई.

एके वर्षी शेजारच्या शेडमध्ये एक तरुण रंगारीण आली. तिनं रंगवलेल्या मोटारी उन्हापावसात राहूनही अशा चकाकत, की येणारे-जाणारे त्यांच्यात बघून भांग पाडत. उस्तादाचा जळफळाट होई.

"कालची पोरगी! रंग फवारायची गन धरता येत नाही हिला," तो चहावाल्याला म्हणाला.

"तरी रांग तिच्याच दारात आहे, उस्ताद."

उस्तादानं त्या दिवसापासून त्याचा चहा सोडला.

राणीच्या कानावर हे गेलं. तिनं नवी मोटार आणवली, मधोमध पडदा लावला आणि म्हणाली, "डावी बाजू पोरीची, उजवी उस्तादांची. उन्हाळ्याच्या दौऱ्यावरून मी परत येईन, तेव्हा ज्या बाजूची चमक टिकलेली असेल, तिच्या रंगाऱ्याकडे माझ्या सगळ्या मोटारी."

उस्तादानं पत्रा घासला, पुसला, रंगाचा पहिला पातळ हात मारला आणि वाळू दिला. काम देखणं होतं. मग दुसरा हात मारला. तो ओला असतानाच पडद्यापलीकडून आवाज आला, 'फुस्स!'

"हिचा तिसरासुद्धा सुरू झाला?" उस्तादाला राहवेना. "काय गं, काय चाललंय?"

"गन धुतेय, काका. रंग वाळेपर्यंत दुसरं काय करणार?"

"उस्ताद म्हण!"

"बरं, उस्ताद. तुम्हीही वाळू द्या."

घाई केली की रंग बिघडतो, हे उस्तादाला झोपेतही ठाऊक होतं. पण आता तेच तिच्या तोंडून आलं, म्हणून त्याला त्यात डाव दिसला. 'मला थांबवते आणि स्वतः पुढे जाते!' त्यानं ओल्यावरच तिसरा हात मारला. पुन्हा फुस्स झालं. त्यानं चौथा मारला, जाड.

पलीकडे ती खरंच गन धूत होती. मधूनमधून कोपऱ्यातल्या रंगाला बोट लावून बघे. चिकटलं की पुन्हा स्टुलावर जाऊन बसे.

पडदा निघाला, तेव्हा उजवी बाजू जास्त झळकत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"याला म्हणतात अनुभव!" उस्ताद म्हणाला.

"ओला रंग कुणाचाही चमकतो," ती फटकन बोलली.

राणी दौऱ्यावर गेली. उन्हानं पत्रा तापला. रंग पातळ करायला घातलेला थिनर जाड थरांखाली कोंडला होता, तो वाट काढू लागला. मोटार परतली, तेव्हा डाव्या बाजूत अख्खं आभाळ दिसत होतं, आणि उजवी बाजू भाजलेल्या पापडासारखी फोडाफोडांची झाली होती.

"हे काय, उस्ताद?"

"ऊन फार होतं, राणीसाहेब."

"ऊन काय एकाच बाजूला पडलं?"

मोटारींच्या किल्ल्या रंगारिणीकडे गेल्या, आणि उजवी बाजू खरवडायचं काम उस्तादाकडे आलं.

तो पाती घेऊन खरवडत बसला. वरचे थर अजून मऊच होते, पातीला डिंकासारखे चिकटून येत होते. सगळ्यांत खाली मात्र पाती अडली. तिथे एक पातळ, गुळगुळीत थर पत्र्याला घट्ट धरून होता आणि काही केल्या निघेना. तो त्याचाच पहिला हात होता.

तात्पर्य: शेजारी किती पुढे गेला याकडेच कान लावून बसणाऱ्याला स्वतःचं येत असलेलं कामही नीट करता येत नाही, मग वय आणि मान कितीही मोठे असोत.