तार सुटलेले दाणे

एका गावात एक सासू होती. तिला इतकी व्रतं ठाऊक होती, की कुठल्या तिथीला काय करायचं हे भटजीसुद्धा कधीकधी तिलाच विचारायचे. तिची नवी सून मात्र फार लांबची, पार बर्फाच्या डोंगरांपलीकडची. मुलगा व्यापाराला म्हणून गेला तो तिकडून लग्न करूनच आला.

सून गुणी होती, पण तिला इथलं जेवण जाईना. दोन घास खाल्ले की हात धुवायची. 'आणखी वाढा' असं तिनं कधी म्हटलंच नाही. गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. वैद्यबुवा म्हणाले, दुखणं काही नाही, पण असंच चाललं तर पोर हाती लागायची नाही. शेवटी ठरलं, की कोजागिरीला डोंगराकडे तांडा निघतो, त्याच्याबरोबर तिला कायमची माहेरी पोचवायची. मुलानं मान हलवली खरी, पण त्या दिवसापासून तोही धड जेवेना.

सुनेला इथलं अन्न रुचावं म्हणून सासूनं मग अयाचित व्रत धरलं. म्हणजे कुणाकडे काही मागायचं नाही, आणि न मागता पानात जे पडेल ते नाकारायचं नाही. तसं हे व्रत तिला काही जड नव्हतं हो! शेजारणीला तिच्या आवडीनिवडी पाठ होत्या. दुपारी पान मांडलं, की ती कधी थालीपीठ, कधी अळूवडी घेऊन हजर.

एके दिवशी शेजारणीला उशीर झाला. सासू रिकाम्या पानासमोर बसून राहिली. हे सारं आपल्यासाठी चाललंय, हे सुनेला नवऱ्याकडून कळलं होतं. ती गोठ्यात गेली, वासामुळे कडब्यात दडवलेली माहेरच्या कडधान्याची एक पुडी काढली, चुलीवर काहीतरी परतलं आणि सासूच्या पानात वाढलं. तपकिरी, बुळबुळीत दाणे. डाव उचलला की तार सुटत होती. आणि वास तर असा, की मांजर उठून बाहेर गेलं.

तेवढ्यात शेजारीण आली ती नाकाला पदर लावूनच. "वहिनी, गोठ्यात घूस मेलीय का हो?" मग तिचं लक्ष पानाकडे गेलं. "अगंबाई, हे असलं नासकं खाणार तुम्ही? सारा ते पान बाजूला. गरम घारगे आणलेत मी. कोण बघतंय इथं?"

सुनेचे डोळे भरले. ती पान उचलायला वाकली.

सासूनं तिचं मनगट धरलं. घारग्यांचा घमघमाट सुटला होता, पोटात भूक होती, आणि खरंच कोणी बघत नव्हतं. एक देव सोडून.

"हे करतात कसं गं तुमच्याकडे?" तिनं विचारलं.

सून अडखळत सांगू लागली. दाणे शिजवायचे, पानात बांधायचे आणि चुलीच्या उबेला तीन दिवस ठेवायचे. तिची आई तसंच करते.

सासूनं चुलीशेजारच्या दह्याच्या भांड्याकडे पाहिलं. रोज ती स्वतः दुधाला विरजण लावून भांडं असंच उबेला ठेवायची. "म्हणजे विरजणच की हे," ती म्हणाली, आणि डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन पहिला घास तोंडात टाकला.

आधी नुसता वास. मग मीठ, मग मिरची, आणि त्यांच्या मागून हळूच आलेली एक खमंग चव, जन्मात कधी न चाखलेली! दुसरा घास तिनं डोळे उघडे ठेवून घेतला. बघता बघता पान साफ. आता आणखी हवं, पण मागणार कसं? ती डावाकडे बघे, मग सुनेकडे, मग पुन्हा डावाकडे.

सून खुदकन हसली. त्या घरात पहिल्यांदाच.

तिनं सासूला वाढलं आणि स्वतःही पान घेऊन शेजारी बसली. भराभरा जेवली. उंबऱ्यातल्या शेजारणीला काही राहवेना. नाक दाबून तिनं एक दाणा चाखला, मग नाकावरचा हात काढून दुसरा. आणि एक घारगा सुनेच्या पानात ठेवला. सुनेनं तो उलटसुलट करून पाहिला, जरासा कुरतडला, संपवला. मग हात पुढे करून म्हणाली, "अजून एक."

सासूनं पदरानं डोळे पुसले.

कोजागिरीला तांडा निघाला तेव्हा त्यात सून नव्हती. तिचा निरोप होता: 'आई, दाण्यांचं पोतं पाठव, सासूबाईंना पुरत नाहीत.'

व्रताच्या उद्यापनाला नैवेद्याच्या पानात ते दाणे पाहून बायका कुजबुजल्या, देवाला हे चालतं का म्हणून.

सासू म्हणाली, "न चालायला काय झालं? त्यानंच तर वाढले होते."

तात्पर्य: परक्या घासाला नाक मुरडण्याआधी तो प्रेमानं चाखून पाहावा; घास आपला झाला, की माणूसही आपलं होतं.