रिकामं ताट

खैरगडचे संस्थानिक रणधीरराव विलायतेहून चुइंगमची सवय घेऊन आले. तोंड दिवसभर चालू, आणि पोटात सारखी जळजळ. "वैद्यबुवा, दात ठणठणीत आहेत, मग पोटच का बिघडतं? उद्यापर्यंत उतार पडला नाही, तर आम्ही दुसरा वैद्य नेमू," त्यांनी अच्युतशास्त्र्यांना बजावलं.

दुपारी जेवणाची घंटा वाजली. सरकार पाटावर बसले, तर ताट रिकामं. उठून गेले. थोड्या वेळानं पुन्हा घंटा झाली, पुन्हा ताट रिकामंच. वाढपी म्हणाला, शास्त्रीबुवांनीच तसं सांगितलंय.

"शास्त्रीबुवा, ही काय थट्टा?"

"दोनदाच फसवलं, तर सरकार एवढे संतापले," शास्त्री हात जोडून म्हणाले. "सरकारांचं तोंड दिवसभर घंटा वाजवतं. पोट बिचारं दर वेळी पाटावर येऊन बसतं."

सरकारांनी चुइंगम काढून ताटात ठेवलं. "हे घेऊन जा," ते पुटपुटले, "आणि आता खरंच वाढा."