पिटुनियाने बुजवलेली भोके

गोष्ट फार जुनी नाही. पण जुनी म्हटली की लोक विश्वास ठेवतात, म्हणून फार पूर्वीची म्हणू. दसरा झाल्यावर माळ्याने गॅलरीतल्या टांगत्या टोपलीत हिवाळ्यासाठी पिटुनिया लावली. तिला घातलेले जास्तीचे पाणी खालच्या शेवंतीच्या कुंडीत ठिबकत असे.

“फुकटी मेली!” म्हणत पिटुनियाने मुळे पसरली आणि टोपलीची सगळी भोके बुजवली.

महिन्याभरात टोपलीत तळे साचले. वरचा हुक कळवळला, “बाई, एवढं ओझं मला पेलवत नाही गं!”

“गप रे, गंजक्या!”

हुक गप्प झाला, आणि हळूहळू सरळही झाला. पिटुनिया टोपली-पाण्यासकट थेट शेवंतीच्या अंगावर आली.

शेवंती निथळत म्हणाली, “ताई, थेंब थेंब पाठवत होतीस, तेच पुरत होतं. स्वतः कशाला आलीस?”