तात्यासाहेबांनी पाठवलेलं गिऱ्हाईक

सोनवड बंदरात सुहासिनी मयेकर यांचा बर्फाचा कारखाना होता. त्याच्या कमाईतून सुहासिनीताई गावासाठी दोन रुग्णवाहिका फुकट चालवत. त्या नगराध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, तेव्हा पंधरा वर्षं त्या खुर्चीवर बसलेले तात्यासाहेब खानविलकर बिथरले.

शेवटच्या सभेला दोघेही एकाच मंचावर होते. तात्यासाहेबांनी माईक ओढून घेतला.

"ही बाई व्यापारी आहे. व्यापारी कधी फुकट देतो का? बाई, या गाड्यांमधून तुम्हाला काय मिळतं, ते इथेच सांगा!"

ताईंनी 'काहीच नाही' म्हटलं तर कोणाला पटणार नव्हतं आणि 'मतं' म्हटलं तर सगळंच संपलं असतं. त्याच गाड्यांतून गेलेली माणसंही खाली बघू लागली.

"तात्यासाहेब, गिऱ्हाईक पाठवणाऱ्याचे आभार व्यापाऱ्याने मानायला हवेत," त्या सावकाश म्हणाल्या. "ते आज मानते. नगरपालिकेच्या दवाखान्यात तुम्ही डॉक्टर नेमला नाहीत, म्हणून तर पेशंट माझ्या गाडीत बसून जिल्ह्याला जातात. पंधरा वर्षं माझं हे दुकान तुम्हीच चालवलंत. आता मला ते बंद करायचंय, म्हणून उभी राहिलेय."

मागून एक कोळीण ओरडली, "तात्यानू, आता बोला ना!"

ताई निवडून आल्या, दवाखान्यात डॉक्टर आले. पुढच्या वर्षी ताईंनी एक रुग्णवाहिका विकून टाकली. तिला पेशंटच मिळेनासे झाले होते.