तुळसाची अर्धी गोधडी

निजलात का रे? नाही ना? मग ऐका. पण मधे कुणी बोलायचं नाही.

एकदा काय झालं, डोंगरापल्याडच्या गावात साळू नावाची बाई आणि तिची लेक तुळसा, दोघीच राहायच्या. साळूच्या हाताला वर होता. ती गोधडी शिवायची, शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायची नि मग कोपरा मिटायची. असं गोधडीचं पोट भरलं, की तिच्याखाली थंडीला शिरताच यायचं नाही, बरं का. आणि त्या गावची थंडी म्हणजे पांढऱ्या केसांची म्हातारी. पहाटे दारोदार फिरायची नि ज्याचं पांघरूण अपुरं, त्याला घेऊन जायची.

मग काय, सगळं गाव साळूच्या दारात. एक गोधडी ओटीवर, एक चुलीपाशी, सुयांवर कुणाची बंडी, टोपलीत कुणाची कानटोपी. सगळी कामं अर्धी. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं. पण नाही म्हणायला साळूची जीभच वळायची नाही. भीड ही भिकेची बहीण, दुसरं काय.

तुळसाची गोधडी सगळ्यांत आधी शिवायला घेतलेली. कोपरा तेवढा राहिला होता.

मग शेजारीण आली. तिच्या लेकाच्या बंडीला लोकर कमी पडत होती. साळूनं तुळसाची बंडी उसवून दिली. मग पाटलीणबाई आल्या. नातवाच्या गोधडीला मऊ अस्तर हवं म्हणाल्या. साळूनं तुळसाच्या गोधडीतलं लुगडं काढलं. गोधडी हळूच म्हणाली, "बाई, मला उसवू नकोस, मी उपाशी आहे." पण ऐकायला वेळ कुणाला होता?

मग राणीची दासी आली. राणीच्या कुत्र्याला झूल हवी होती. हो, कुत्र्याला. घरात चतकोर भाकरी उरली होती, ती साळूनं त्या झुलीत घातली. तुळसाला म्हणाली, तुझी उद्या हं.

पहाटे म्हातारी आली. घरोघरी फिरली, सगळीकडे पोट भरलेली पांघरुणं. मग ती साळूच्या घरात शिरली. तुळसा अर्ध्या गोधडीत कुडकुडत होती. साळूनं म्हातारीचे पाय धरले, एवढा कोपरा मिटू दे म्हणाली. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोरी, माझ्याकडे एकच पांघरूण आहे, धुक्याचं," ती तुळसाला म्हणाली. "पण ते पुरं आहे."

तुळसानं एकदा आईकडे पाहिलं. मग उठली नि म्हातारीचं बोट धरून निघून गेली.

मग गावाचं काय झालं? काही नाही. शेजारणीचा लेक उबेत, पाटलीणबाईंचा नातू उबेत, राणीचं कुत्रंही उबेत. सगळे सुखानं राहिले. साळूनं ती गोधडी पुरी केली. रोज पहाटे ती नदीवर जाते, धुक्यावर गोधडी पसरते नि ओली करून परत आणते. दारात लोक काम घेऊन उभे असतातच.

झालं. आता पाय आत घ्या. कोपरा ओढू नकोस रे, मिटलाय तो, मीच मिटलाय. लोकांची कामं तिकडे पडलीत, पडू देत. तुम्ही निजा.