गावची नीळ आणि साळूचा लाल

फार फार पूर्वी, एका राज्यात रंगाऱ्यांचं एक गाव होतं. गावाच्या मधोमध आंबवलेल्या निळीचा भलामोठा रांजण होता. कोणीही यावं, घागरभर नीळ फुकट न्यावी, विरजणासारखी घरच्या रांजणात वाढवावी. अट एकच. त्या निळीत आपलं काही मिसळलं आणि रंगवलेलं कापड बाजारात नेलं, तर काय मिसळलं ते पारावर सर्वांना सांगायचं. घरी नेसण्यापुरतं असेल, तर कोणी विचारत नसे.

तिथं साळू नावाची रंगारीण होती. हाताची गुणी, जिभेची जरा तिखट. मरताना आईनं तिला मंजिष्ठेचा एक लाल रंग शिकवला होता. तो तिला जिवापाड जपायचा होता.

एकदा तिनं गावच्या निळीत डाळिंबाच्या सालींचा काढा घातला, आणि असा सुरेख मोरपिशी रंग आला की बाजारात लुगड्यांवर उड्या पडल्या. पारावर मात्र साळूनं तोंडात मिठाची गुळणी धरली. बोट दिलं की गावकरी हात धरतील, आज मोरपिशी, उद्या आईचा लाल मागतील, असं तिला वाटे.

पण नीळ म्हणजे जिवंत वस्तू, बाळांनो. एका सकाळी साळूच्या रांजणाला घाण वास सुटला, रंग धरेना. ती गावचा रांजण सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या तात्यांकडे धावली.

"तात्या, माझा रांजण वाचवा."

"वाचवू की. पण पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय वैद्यानं औषध काय द्यावं?"

साळूचे डोळे भरून आले. "सांगते. पण मग आईचा लालही द्यावा लागेल ना?"

"तो गावच्या निळीत मिसळलास?"

"नाही. त्याची हंडीच वेगळी आहे."

"मग तो तुझाच. वेडाबाई, एवढ्यासाठी जीव जाळलास होय?"

साळूनं पारावर जाऊन सगळं सांगितलं. मोरपिशीचं गुपित लपवल्यामुळे तिच्यावर रुसलेली शेजारीण पटकन म्हणाली, "अगं, सालींनी आंबट झालाय तो. थोडा चुना घाल." चुना पडला, आणि चार दिवसांत रांजण पुन्हा जिवंत झाला. पुढं त्याच शेजारणीनं मोरपिशीची आणखी गडद छटा काढली, आणि रीतीप्रमाणे तीही पारावर सांगितली. साळूनं ती हसत उचलली. जो लाल कोणी मागितलाच नव्हता, त्याच्या भीतीपायी ती हा रंग गमावून बसली असती.

तात्पर्य: सर्वांच्या ठेव्यात जे मिसळाल ते सर्वांचं होतं, वेगळं राखाल ते तुमचंच राहतं.